घोड्यांचे श्वसनविकार : लक्षणे आणि निदान

घोडा केवळ नाकाने श्वास घेतो. माणसाप्रमाणे तोंडाने श्वास घेणे त्याला शक्य नसते. त्यामुळे नाकपुडीपासून फुप्फुसापर्यंतच्या मार्गात अडथळा आला, की त्याचा दम तुटतो. तट्टांच्या बाबतीतही हेच खरे आहे.

निरोगी घोडा विश्रांतीत मिनिटाला साधारणतः ८ ते १६ वेळा श्वास घेतो. तबेल्यात तो शांत उभा असताना कुशीची हालचाल पाहून हे मोजावे. शरीराचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअसदरम्यान असते.

लक्षणांवरून रोगाचे स्थान कळण्यास मदत होते. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असल्यास वरच्या दाढेच्या मुळाचा किंवा सायनसचा संसर्ग संभवतो. दोन्ही नाकपुड्यांतून येणारा स्राव बहुधा घसा वा फुप्फुसातील विकार सुचवतो. धावताना श्वास आत घेतेवेळी घरघर होत असल्यास स्वरयंत्राचा, विशेषतः त्याच्या डाव्या बाजूचा, पक्षाघात असू शकतो.

ताप नसतानाही खोकला टिकून राहिला, तर दम्याचा विचार होतो. बुरशी लागलेले वाळलेले गवत आणि तबेल्यातील धूळ ही त्याची प्रमुख कारणे. जुनाट दम्यात उच्छ्वासासाठी पोटाचे स्नायू सतत राबतात आणि बरगड्यांच्या मागे खोल रेघ उमटते. याउलट ताप, जबड्याखालील सुजलेल्या गाठी आणि पू ही ‘स्ट्रँगल्स’ या संसर्गजन्य रोगाची लक्षणे होत.

पशुवैद्यक प्रथम स्टेथोस्कोपने फुप्फुसे तपासतात. नंतर गरजेनुसार दुर्बिणीने श्वसनमार्ग पाहणे, फुप्फुसातील द्रवाची पेशीतपासणी, क्ष-किरण, सोनोग्राफी आणि रक्तचाचणी केली जाते.

सर्वाधिक सावधगिरी ‘ग्लँडर्स’बाबत हवी. हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो आणि प्राणघातक ठरू शकतो. नाकातील व्रण, चिकट स्राव व त्वचेवरील गाठी ही त्याची चिन्हे. मात्र जुनाट स्वरूपात ती सौम्य राहून फसवतात. २००६ मध्ये महाराष्ट्रात या रोगाने पुन्हा डोके वर काढले होते. त्याच्या निदानासाठी रक्तचाचणी आवश्यक असते. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र ही त्यातील प्रमुख संस्था. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगविषयक कायद्यानुसार या रोगाची माहिती देणे बंधनकारक असून, बाधित जनावरावर उपचार न करता त्याला दयामरण दिले जाते.

म्हणूनच संशयित घोडा तत्काळ वेगळा बांधावा, त्याचे पाणी व तोबरा स्वतंत्र ठेवावा आणि घरगुती औषधांत वेळ न दवडता पशुवैद्यकास बोलवावे.