पायाची पकड आणि साधनाची निवड : वऱ्हाडातील मल्लखांब व बर्फावरील स्नोबोर्ड यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

क्रीडेचा इतिहास लिहिताना स्पर्धा, पदके आणि संस्था यांची नोंद सहसा तपशीलवार होते. खेळाडूचे शरीर ज्या साधनाशी जोडले जाते, त्या साधनाचा इतिहास मात्र उपेक्षित राहतो. वस्तुतः शरीराला कोणती हालचाल शक्य होईल, हे बऱ्याच अंशी या जोडणीवरून ठरते. प्रस्तुत निबंधात वऱ्हाडाला परिचित असलेला मल्लखांब आणि पाश्चात्त्य देशांतील स्नोबोर्ड या दोन प्रकारांतील पायाच्या पकडीचा तुलनात्मक विचार केला आहे. अमरावती किंवा अकोल्यात बर्फ पडत नाही. त्यामुळे ही तुलना प्रथमदर्शनी दूरची वाटेल. परंतु पकड घट्ट असावी की लवचीक, आणि तिची निवड कोणी करावी, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

वऱ्हाडातील व्यायामपरंपरेची पार्श्वभूमी

१८५३ च्या करारानंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. कापसाच्या व्यापारामुळे अमरावती, अकोला व खामगाव या बाजारपेठा वाढल्या. १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले. दादासाहेब खापर्डे यांच्यासारख्या टिळकांच्या सहकाऱ्यांमुळे येथील सुशिक्षित वर्गात राष्ट्रीय विचार रुजला. शरीरसंवर्धन हे राष्ट्रकार्याचेच अंग मानले जाण्याचा तो काळ होता. या वातावरणात १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी अमरावतीस सुरू केलेले कार्य पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने देशभर परिचित झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डी, मल्लखांब आदी भारतीय प्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली. देशाच्या विविध भागांतील शिक्षकांना व्यायामाचे प्रशिक्षण देणे, हेही मंडळाच्या कार्याचे महत्त्वाचे अंग राहिले. आखाड्यात उस्तादाकडून शिष्याकडे जाणारे ज्ञान अशा रीतीने अभ्यासक्रमात आले. साधनाच्या निवडीचा प्रश्न याच टप्प्यावर महत्त्वाचा ठरतो.

लाकूड, वेत आणि दोरी

मल्लस्तंभावरील व्यायामाचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथाशी जोडला जातो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले, असे परंपरा मानते. पुरलेल्या मल्लखांबासाठी शिसव किंवा सागवान यांसारखे टणक लाकूड वापरतात. खांब खाली जाड, वर निमुळता असतो आणि त्याच्या टोकाला मान व बोंड असते. जमिनीवरील त्याची उंची सुमारे २.६ मीटर असते. खेळाडू अनवाणी असतो. शरीर आणि खांब यांच्यामध्ये पट्टा किंवा बक्कल काहीही नसते. मांडी, पोटरी व पाऊल यांच्या दाबातून बांधली जाणारी अढी हेच त्याचे बंधन असते. खांबाला एरंडेल तेल लावले जाते. तेल कमी पडले तर कातडी सोलवटते. अधिक झाले तर अढी सुटते. याचा अर्थ असा की, पूर्ण घट्टपणा येथे कधीच अभिप्रेत नव्हता. किती घसरावे आणि कोठे थांबावे, यावर ताबा मिळविणे हेच खरे कौशल्य होते.

खांबाच्या जोडीला वेताचा मल्लखांब आला. पुढे चांगला वेत मिळणे कठीण झाल्याने त्याची जागा सुती दोरीने घेतली. हा बदल केवळ द्रव्याचा नव्हता. लाकूड स्थिर असते, त्यामुळे मांडीला दाबण्यासाठी घेर मिळतो. दोरी बारीक असते, झुलते आणि शरीराच्या भाराने आपली दिशा बदलते. साहजिकच पकडीचे केंद्र मांडीवरून खाली सरकले आणि पायाचा अंगठा व त्याशेजारचे बोट यांच्या बेचक्यात आले. दोरीला गाठ मारावयाची नसते. ती अंगाभोवती वेढे घेते आणि शरीराच्या भारानेच आवळली जाते. साधन लवचीक झाले, तेव्हा पकडीचा सूक्ष्मपणा पायाच्या बोटांना आत्मसात करावा लागला. ज्या वऱ्हाडाची ओळख कापसाने घडली, तेथील शिक्षकास सुती दोरीचा पीळ, तिची जाडी आणि वापरानंतर तिला येणारा मऊपणा यांचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

बर्फावरील फळी : मोकळ्या पायापासून बाइंडिंगपर्यंत

स्नोबोर्ड म्हणजे बर्फाच्या उतारावरून आडवे उभे राहून घसरत जाण्याची एकच रुंद फळी. अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन यांनी १९६५ मध्ये ‘स्नर्फर’ नावाची फळी तयार केली. तिच्यावर पाय मोकळेच असत आणि तोल सावरण्यासाठी टोकाला दोरी बांधलेली असे. १९७७ पासून व्हरमाँटमध्ये जेक बर्टन कार्पेंटर यांनी पाय फळीला बांधण्याचे प्रयोग केले. बूट फळीला जखडणाऱ्या या साधनास बाइंडिंग म्हणतात. १९८० च्या दशकात टाचेमागे उभी पाठ असलेली बाइंडिंग आली आणि टणक बर्फावर टाचेच्या बाजूने फळी कलविणे सुकर झाले.

फळीची कड बर्फात रुतवून, न फरफटता, रेखीव कमानीत वळण घेणे म्हणजे कार्व्हिंग. त्यासाठी दोन मार्ग विकसित झाले. पहिल्या मार्गात स्कीसारखे कठीण बूट, धातूची पट्टी असलेली बाइंडिंग आणि अरुंद फळी असते. दोन्ही पाय मोठ्या कोनात पुढे वळविलेले असतात. पायाचा जोर विनाविलंब कडेवर पोहोचतो. १९९८ मध्ये नागानो येथे स्नोबोर्डचा हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रवेश झाला. तेव्हापासून उतारावरील शर्यतींत कठीण बुटांचेच प्राबल्य राहिले. दुसऱ्या मार्गात मऊ बूट व पट्ट्यांची बाइंडिंग असते. घोटा वाकतो, गुडघा मोकळा राहतो आणि त्याच फळीवर उड्या, वळणे, सैल बर्फावरची घसरण असे सर्व काही करता येते.

मऊ बुटांवर कार्व्हिंग करू इच्छिणाऱ्यास बाइंडिंग निवडताना एकमेकांत गुंतलेल्या अनेक बाबी पाहाव्या लागतात. पाठ फार लवचीक असेल, तर टाचेचा जोर कडेपर्यंत उशिरा पोहोचतो. ती फार ताठ असेल, तर बर्फाचा खडबडीतपणा थेट पायावर आदळतो आणि घोट्याची सूक्ष्म हालचाल निरुपयोगी ठरते. बाइंडिंगचा तळ बुटाच्या मापाशी जुळला नाही, तर पट्टा कितीही आवळला तरी पाऊल आत हलते. फळी अरुंद आणि पावलांचा कोन कमी असेल, तर फळी कलताच बुटाची टोके बर्फाला घासतात आणि कड सुटते. म्हणून कोन वाढवावा लागतो किंवा रुंद फळी घ्यावी लागते. बाइंडिंग एकटे चांगले किंवा वाईट नसते. बूट, फळी, बर्फ आणि शरीर यांच्या मेळातच तिची योग्यता ठरते.

निवडीचा अधिकार

दोन्ही इतिहासांतील दिशा परस्परविरुद्ध आहेत. स्नोबोर्ड मोकळ्या पायाकडून बंधनाकडे गेला. मल्लखांब टणक लाकडाकडून लवचीक दोरीकडे विस्तारला. मात्र दोन्हीकडे घट्टपणा वाढला म्हणजे नियंत्रण वाढले, हे समीकरण अपुरे ठरले. भेद आहे तो निवडीच्या अधिकाराचा. स्नोबोर्डमध्ये ताठपणाचे अंक उत्पादक ठरवितो आणि खेळाडू त्यांतून निवड करतो. आखाड्यात मुलाची मांडी, उंची व भीड पाहून कोणत्या खांबावर चढवायचे, तेल किती लावायचे, हे उस्ताद ठरवीत असे.

१९८१ मध्ये मल्लखांबाचा अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, २०१९ मध्ये मुंबईत पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि ‘खेलो इंडिया’ युवा क्रीडा स्पर्धांतही या खेळाला स्थान मिळाले. स्पर्धेसाठी मापांचे प्रमाणीकरण अपरिहार्य आहे. त्याखेरीज न्याय्य गुणांकन संभवत नाही. परंतु प्रमाणीकरणाची दुसरी बाजूही आहे. दीर्घकाळ मुलींसाठी प्रामुख्याने दोरीच योग्य मानली गेली. हा निर्णय शरीराच्या क्षमतेपेक्षा सामाजिक संकेतांतून आला होता. मुली खांबावरही उतरल्या, तेव्हा हे स्पष्ट झाले.

निष्कर्ष

साधनाची निवड हा शारीरिक शिक्षणाचा आशय आहे, ती केवळ साहित्यखरेदीची बाब नाही. महाविद्यालयात दोरी किंवा खांब घेताना दरपत्रकांची तुलना होईल. पण दोरीची जाडी कोणत्या वयाच्या पायाला पेलेल, याचे उत्तर दरपत्रकात मिळत नाही. ते शिक्षकाच्या अनुभवात असते आणि लिहून ठेवले नाही तर त्याच्याबरोबरच संपते. वऱ्हाडातील व्यायामशाळांतून असे ज्ञान अद्याप मौखिक स्वरूपात शिल्लक आहे. जुन्या शिक्षकांच्या मुलाखती, वापरातून गेलेल्या खांबांची मापे आणि तेल व दोरीविषयीच्या त्यांच्या सूचना यांची नोंद इतिहास व शारीरिक शिक्षण या विभागांनी एकत्रितपणे केल्यास, अभ्यासक्रमात न आलेले हे प्रकरण लिहिले जाईल. ते लिहू शकणारी पिढी वृद्ध होत आहे; म्हणून हे काम लांबणीवर टाकणे परवडणारे नाही.