कल्हई : एका बंदराचं नाव

चिंचेची आमटी पितळेच्या पातेल्यात रात्रभर राहिली की सकाळी ती ‘कळकते’. हा शब्द आता नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या घरांतूनही उठत चालला, कारण कळकायला पितळच उरलेलं नाही. आंबट लागलं की तांब्या-पितळेतलं तांबं अन्नात उतरतं, भांडं हिरवट होतं आणि जिभेवर उग्र चव रेंगाळते. संस्कृतात ‘कलंक’ म्हणजे डाग, तसाच गंजही. आपलं कळकणं त्याच घराण्यातलं.

त्यावर उतारा कल्हईचा. लासलगाव आज कांद्याच्या लिलावांवरून ओळखलं जातं, बाजार समितीही १९४७ सालची. पण ज्या गावात बाजार, त्या गावात कल्हईवाल्याची हाळी ठरलेली. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे, बाजूला भाता. भांडं आधी राख-वाळूनं घासायचं. मोठ्या पातेल्यात तर तो स्वतःच उभा राहून पायांनी गोल गोल फिरायचा. मग भांडं तापवून आत नवसागराची चिमूट. पांढरा धूर उठतो, नाकाला झोंबतो. हा धूर नुसता देखावा नव्हे: उष्णतेनं नवसागराचं विघटन होतं आणि त्यातलं आम्ल तांब्यावरची काळी साय खाऊन टाकतं. असा उघडा पडलेला धातूच कथील धरतो. कांडी टेकवायची, ते पाण्यासारखं पसरतं, कापसाच्या बोळ्यानं सगळीकडे फिरवायचं आणि भांडं पाण्यात बुडवायचं. चर्र! तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात, कथलाला २३२ पुरतात. सगळी कला या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहे. दोन्ही धातू जिथं भेटतात तिथं त्यांच्या संयुगाचा पातळ थर तयार होतो, म्हणून कल्हई रंगासारखी पोपडे धरून निघत नाही, झिजत जाते.

आता गंमत पाहा. नाशिकची तांबट आळी आणि भांडीबाजार एवढे नावाजलेले, पण जिल्ह्याच्या काळ्या दगडात ना तांब्याची खाण, ना जस्ताची, ना कथलाची. सगळा माल बाहेरचा, आणि कथील तर समुद्रापलीकडचं. अरबी दर्यावर्दी मलाया द्वीपकल्पावरच्या ‘कलह’ नावाच्या बंदरातून कथील उचलत. बरेच अभ्यासक हे बंदर आजच्या मलेशियातल्या केदाहच्या किनाऱ्याला शोधतात. त्या बंदरावरून अरबीत कथलालाच ‘कलई’ म्हणू लागले. पोर्तुगीजांनी त्याचं ‘कलाईं’ केलं. आपल्याकडे मात्र धातूसाठी ‘कथील’ हा शब्द आधीच घरात होता, संस्कृत ‘कस्तीर’वरून आलेला. मग मराठीनं वाटणी केली : जुन्या शब्दाकडे धातू ठेवला, पाहुण्याला काम दिलं. कांशात कथील अंगात मुरलेलं, पितळेवर ते अंगावर ल्यालेलं. या ल्यालेल्या कथलाचं नाव कल्हई.

नवसागराचं तर आपण आणखी मजेदार केलं. फारसी ‘नौशादर’ आपल्या कानाला ‘नव-सागर’ ऐकू आला. त्यात ना सागर आहे, ना काही नवं. (अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना आपण ‘जर्मन’ म्हणतो, तोही असाच घोटाळा. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. त्यात अ‍ॅल्युमिनियम नाही आणि चांदीही नाही.)

कल्हईला उतरती कळा स्टीलनं आणली, हे खरं. पण त्याआधी तिची अब्रू शिशानं घालवली, असं माझं मत आहे. कथील महाग, शिसं स्वस्त, आणि दोन्हींचं मिश्रण आणखी कमी उष्णतेवर वितळतं. डाख द्यायला ते उत्तम, पण ज्या भांड्यात ताक ठेवायचं त्यात ते विष. दिसायला दोन्ही सारखेच चकचकीत.

हल्ली पितळी भांडी पुन्हा घेतली जातात, म्हणून सांगतो. कल्हई करून घ्याल तेव्हा कांडी हातात मागा. कागदावर घासून पाहा, काळी रेघ उठली तर शिशाचा संशय धरा. मग ती वाकवून कानाशी न्या. चोख कथील वाकताना कुरकुरतं, शिसं मुकाट्यानं वाकतं. आणि कल्हईचं पातेलं रिकामं गॅसवर ठेवू नका. २३२ अंश गाठायला त्याला वेळ लागत नाही.