कलाभवनाच्या गावातला फिटर

बडोद्यातल्या मराठी घरांत सयाजीरावांचा विषय निघाला की कलाभवनाचं नाव येतंच. महाराजांनी ते 1890 साली सुरू केलं. पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर. त्यांचा हट्ट असा की रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम मुलांना त्यांच्या भाषेत शिकवायचं. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. 1892च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात नाट्यगृहाच्या नमुन्याबद्दल त्यांना सुवर्णपदक मिळालं होतं. हे सगळं आम्ही अभिमानाने सांगतो. पण आपल्या घरातलं कोण तिथे शिकलं, असं विचारा. दरबारातले कारकून, वकील, मास्तर भराभर आठवतात, हाताने काम करणारा मात्र पटकन आठवत नाही.

मलाही आठवत नव्हता. 1977 साली अकरावीत गचकलो आणि आयटीआयला फिटर ट्रेडला लागलो. वडील नातेवाइकांना सांगायचे, "तो टेक्निकलला आहे." फिटर हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही.

त्या काळी आयटीआयच्या मुलांसाठी अखिल भारतीय कौशल्य स्पर्धा असे. 1964 पासूनची. आधी संस्थेत, मग राज्यात, मग देशात. एका ट्रेडमधून एकच मुलगा पुढे जाणार. आमच्या बॅचच्या आठ जणांनी मिळून एक मंडळ केलं होतं. नाव नाही, पावती नाही, वर्गणी तेवढी होती. संस्थेतल्या कानशी इतक्या झिजलेल्या की लोखंडावरून नुसत्या घसरायच्या. म्हणून महिन्याला दोन-दोन रुपये काढून आम्ही चार चांगल्या कानशी घेतल्या. त्या पाळीपाळीने वापरायच्या आणि तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. संध्याकाळी एकमेकांचे जॉब तपासायचो. एका तुकड्यात चौकोनी खाच, दुसरा तिच्यात बसणारा. बसला की उजेडासमोर धरायचा. फट दिसली की सगळे एकदम ओरडायचे, "दिवाळी!" दुसरा तुकडा फिरवून चारही बाजूंनी तसाच बसला पाहिजे. खाचेत कानस जरा जास्त चालली, की तो जॉब भंगारात.

आमच्यातला सगळ्यात चांगला हात माझा नव्हता. तो एका पटेलांच्या मुलाचा. पण निवडीच्या दिवशी तो तापाने फणफणला होता आणि नंबर माझा लागला. राज्याच्या स्पर्धेला निघालो तेव्हा चारही कानशी त्यानेच माझ्या पिशवीत भरल्या. "पाछी लावजे," एवढंच म्हणाला.

दुसरा आलो. खाचेच्या एका कोपऱ्यात उजेड राहिला होता. परत आलो तर वडिलांनी प्रमाणपत्र वाचलं आणि घडी करून कपाटात ठेवलं. आजोबा मात्र म्हणाले, "जॉब कुठाय?" तेव्हा त्यांनी पंच्याऐंशी ओलांडली होती. तुकडे हातात घेऊन त्यांनी बराच वेळ फिरवले. मग ट्रंकेतून एक वही काढली. पानापानावर कापडाचे छोटे चौकोन डकवलेले, शेजारी शाईने मोडीत काहीतरी लिहिलेलं.

ती त्यांच्या मोठ्या भावाची वही. कलाभवनातल्या रंगकामाची. शिकून ते मुंबईच्या गिरणीत लागले, आणि घरात त्यांचं नाव पडलं "रंगारी". लग्नपत्रिकांतून वगळले गेले. मी अठरा वर्षांचा होईपर्यंत आजोबांना सख्खा भाऊ होता हेच मला माहीत नव्हतं.

कानशी दुसऱ्याच दिवशी परत केल्या. ते तुकडे आणि वही आता माझ्याकडे आहेत. लाल चौकोन अजून लाल आहेत, हिरवे थोडे उतरलेत. मोडीची दोन पानं एकाकडून वाचून घेतली: किती पाणी, किती तुरटी, किती वेळ उकळायचं. बाकीची राहिली आहेत. बडोद्यात मोडी वाचणारं कुणी असेल तर सांगा, मी वही घेऊन येईन.