दांडा आणि बंधन : ट्रॅक्टरच्या सुरक्षाव्यवस्थेच्या इतिहासातील एक प्रकरण

शेतीच्या यंत्रीकरणाच्या इतिहासात अश्वशक्ती, नांगरटीचा वेग आणि किंमत यांची चर्चा पुष्कळ झालेली आहे. यंत्राने कोणत्या स्थितीत चालू होण्याचे नाकारावे, या प्रश्नाची चर्चा त्या मानाने थोडी आहे. वस्तुतः ट्रॅक्टर नको त्या क्षणी चालू झाल्यामुळे अनेक मृत्यू घडलेले आहेत. गिअर पडलेला असता इंजिन सुरू होऊ नये, यासाठी नियंत्रणाच्या दांड्यांवर जी बंधने घालण्यात आली, त्यांच्या इतिहासातून यंत्ररचना आणि माणसाची सवय यांच्या परस्परसंबंधावर बराच प्रकाश पडतो.

(१)

दांड्याला दांड्याने बांधण्याची कल्पना शेतात जन्मलेली नाही. ती रेल्वेची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमधील जंक्शनांवर सांधे एका दांड्याने आणि सिग्नल दुसऱ्या दांड्याने हलविले जात. सांधा एका रुळाकडे आणि सिग्नल दुसऱ्या रुळासाठी मोकळा, अशी परस्परविरोधी स्थिती निर्माण होणे केवळ सांधेवाल्याच्या सावधानतेवर अवलंबून होते. मूळचा सुतार असलेल्या जॉन सॅक्सबीने १८५६ मध्ये सांधे आणि सिग्नल एकाच वेळी हलविणाऱ्या रचनेचे पेटंट घेतले आणि लंडनजवळील ब्रिकलेयर्स आर्म्स जंक्शनवर ती बसविली. मात्र दोन्ही क्रिया एकदम होत असल्याने सांधा पुरता बसण्यापूर्वीच सिग्नल मोकळा होण्याचा संभव तीत उरत होता. १८६० च्या सुमारास ऑस्टिन चेंबर्सने आणि स्वतः सॅक्सबीनेही हा दोष दूर केला. पहिल्या दांड्याची क्रिया पूर्ण झाल्यावाचून दुसरा दांडा हलूच नये, हे तत्त्व तेव्हा प्रस्थापित झाले. इंटरलॉकिंग म्हणून पुढे रूढ झालेली पद्धती ती हीच.

तथापि हे तत्त्व सार्वत्रिक होण्यास आणखी तीन दशके लागली. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे सहलीच्या गाडीचा मागील भाग सुटून उतारावरून मागे गेला आणि सुमारे ८० माणसे मरण पावली. या अपघाताचे कारण ब्रेकच्या व्यवस्थेत होते. परंतु त्याच वर्षी झालेल्या कायद्याने प्रवासी मार्गांवर अखंड ब्रेकबरोबरच इंटरलॉकिंगही सक्तीचे केले.

(२)

ट्रॅक्टरचा प्रारंभ या अनुभवाची दखल न घेता झाला. १९१७ मध्ये विक्रीस आलेला फोर्डसन हा स्वस्त आणि सुटसुटीत होता. पण त्या काळच्या इतर ट्रॅक्टरांप्रमाणे त्याचे इंजिन समोर उभे राहून हँडल मारून सुरू करावे लागे. गिअर चुकून पडलेला राहिला असेल, तर इंजिनाने पेट घेताच ट्रॅक्टर हँडल मारणाऱ्याच्याच अंगावर येई. हँडल आणि गिअरचा दांडा यांच्यात यांत्रिक संबंध काहीच नव्हता. संबंध होता तो चालकाच्या स्मरणशक्तीचा. चार्ल्स केटरिंगने सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आला, पण ट्रॅक्टरवर तो रुळण्यास बराच काळ जावा लागला. स्टार्टर आल्यावर चालक समोरून उठून बसकेवर गेला, हा मोठाच लाभ होता. तरीही गिअरमध्ये असलेला ट्रॅक्टर अकस्मात उडी घेण्याचा धोका शिल्लकच राहिला.

(३)

या प्रश्नाचे सर्वांत सुबोध उत्तर हॅरी फर्ग्युसनच्या टी.ई. २० या ट्रॅक्टरात सापडते. कॉव्हेंट्री येथील बॅनर लेनच्या कारखान्यात १९४६ ते १९५६ या काळात हे ट्रॅक्टर ५ लाखांहून अधिक तयार झाले. फर्ग्युसनची कीर्ती मुख्यतः तीनबिंदू जोडणी आणि तेलाच्या दाबावर चालणारी अवजारांची उचल यांवर अधिष्ठित आहे. स्टार्टरविषयीची त्याच्या ट्रॅक्टरातील योजना त्यामुळे काहीशी झाकली गेली आहे. या ट्रॅक्टरात स्टार्टरसाठी वेगळे बटण नव्हते. गिअरच्या दांड्याला पुढचे चार गिअर व मागचा एक गिअर यांखेरीज आणखी एक जागा होती आणि ती 'एस्' या अक्षराने दाखविलेली असे. दांडा न्यूट्रलमधून त्या जागेवर नेला म्हणजे स्टार्टरचा स्विच दाबला जाई. एक दांडा एकाच वेळी दोन जागी असू शकत नाही. म्हणून तो स्टार्टरवर असताना गिअर पडलेला असणे अशक्यच होते.

या योजनेत वेगळे असे कुलूप दिसत नाही, हेच तिचे मर्म होय. ट्रॅक्टर सुरू करण्याची रीतच सुरक्षित रीत होती. सोय आणि सावधगिरी यांत निवड करण्याची पाळी चालकावर येत नसे. सॅक्सबीच्या १८५६ च्या रचनेप्रमाणे येथेही दोन कामे एकाच हालचालीत आणली होती. मात्र तेथील दोष येथे संभवत नव्हता, कारण येथे एक काम दुसऱ्याला वगळूनच होत असे. अर्थात योजनेची मर्यादाही नमूद केली पाहिजे. बॅटरी उतरल्यास हँडल मारण्याची सोय याही ट्रॅक्टरात होती आणि त्या वाटेवर हे बंधन लागू नव्हते.

(४)

पुढे मोटारीप्रमाणे किल्ली फिरवून ट्रॅक्टर सुरू करण्याची पद्धत सर्वत्र आली. किल्लीमुळे अल्प प्रवाह वाहतो, त्या प्रवाहाने सोलेनॉइड ओढला जातो आणि मग स्टार्टरला मुख्य प्रवाह मिळतो. गिअर किंवा क्लच योग्य स्थितीत नसल्यास अल्प प्रवाहाची वाट तोडणारा एक लहान स्विच या मार्गात बसविण्यात आला. बंधन कायम राहिले, पण त्याचे स्वरूप पालटले. ते आता दांड्याच्या घडणीत नव्हते, तारेत होते. आणि तार वगळता येते.

स्विच बिघडला, तार तुटली किंवा बॅटरी अशक्त झाली, की शेतकरी जमिनीवर उभा राहून स्टार्टरच्या दोन टोकांवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवितो. इंजिन सुरू होते; पण गिअर पडलेला असेल, तर ट्रॅक्टरही चालू लागतो, आणि तो माणूस मागील चाकाच्या नेमका पुढे उभा असतो. ज्या ट्रॅक्टरांत गिअर तेलाच्या दाबावर काम करतात, त्यांत तर दाब भरेपर्यंत काही क्षण जातात. तेवढ्यात काही घडले नाही असे वाटून माणूस निश्चिंत होतो आणि मग चाक फिरते. अमेरिकेत अशा मृत्यूंची संख्या लक्षात आल्यावर कारखानदारांनी स्टार्टरच्या टोकांवर झाकणे बसविली आणि गिअरमध्ये असता सुरू करणे प्राणघातक असल्याच्या पट्ट्या चिकटविल्या. झाकण हे कुलपावरचे कुलूप होय. पहिल्यावरील विश्वास ढळल्याची ती कबुलीच आहे.

(५)

याच्या उलट दिशेचे उदाहरण स्किड-स्टिअर लोडरचे आहे. मिनेसोटातील केलर बंधूंनी १९५७ मध्ये टर्कीपालनाच्या शेडमधील खत काढण्यासाठी तीन चाकी लोडर तयार केला आणि १९६० मध्ये त्यातून चार चाकी एम ४०० हे यंत्र विकसित झाले. याच्या उचलीचे बाहू चालकाच्या दोन्ही बाजूंनी जातात व चढउतार समोरून होते. त्यामुळे उतरताना दांड्याला धक्का लागल्यास बाहू अंगावर येण्याचा धोका असतो. पुढील यंत्रांत चालकाच्या मांडीवर येणारा एक दांडा बसविण्यात आला. तो वर उचलताच उचलीची नियंत्रणे बांधली जातात आणि तो उचलल्याखेरीज बाहेर पडताच येत नाही. येथे बंधन पुन्हा आवश्यक हालचालीच्या वाटेवर आणले गेले. असे असूनही १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्य संस्थेला या लोडरांविषयी इशारा प्रसिद्ध करून सुरक्षासाधने निकामी करू नयेत, असे बजावावे लागले.

या सर्व इतिहासाकडे केवळ प्रगतीची चढती कमान म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. विजेच्या स्विचमुळे किल्लीची सोय लाभली. परंतु १९४६ चा दांडा जी खात्री देत होता, ती त्या बदलात अंशतः हरवली. रेल्वेच्या केबिनमध्ये शिस्त, नियमपुस्तक आणि तपासनीस होते. शेतात माणूस एकटा असतो, पाऊस येऊ घातलेला असतो आणि काम थांबलेले असते. अशा वेळी जे बंधन कामाच्या आड येते ते दूर केले जाते. कामाच्या रीतीतच मिसळलेले बंधन मात्र टिकते. सुरक्षासाधनाचे मूल्यमापन करताना ते काय रोखते याबरोबरच, अडलेला माणूस ते किती सहज वगळू शकतो, हेही पाहिले पाहिजे.