श्रेयनामावलीबाहेरचे वादक

हिंदी चित्रपटगीताचा इतिहास आजवर गायक, गीतकार आणि संगीतकार या तिघांच्या नावांनीच लिहिला गेला असला, तरी मुंबईच्या स्टुडिओंत ध्वनिमुद्रित झालेल्या गीतांना प्रत्यक्ष नाद दिला तो वादकांनी आणि संयोजकांनी. संयोजक म्हणजे संगीतकाराने बांधलेली चाल कोणत्या वाद्यांनी आणि कोणत्या स्वरमेळात वाजवायची हे ठरवून प्रत्येक वादकाला त्याचा भाग लिहून देणारा जाणकार. श्रेयनामावलीत तो फार तर ‘सहायक’ म्हणून येई, आणि वादकांचा तर उल्लेखच नसे.

ही रीत मुंबईपुरती नव्हती. अमेरिकेत 1960 च्या दशकाच्या अखेरीस कुमारवयीन श्रोत्यांसाठी जी सोपी, गोड, चटकन तोंडी बसणारी गाणी निघाली आणि ज्यांना ‘बबलगम पॉप’ म्हटले गेले, त्यांतले ‘शुगर, शुगर’ हे 1969 चे गाणे ‘द आर्चीज’ या वाद्यवृंदाच्या नावावर खपले. हा वाद्यवृंद केवळ व्यंगचित्रांतला होता आणि मुख्य आवाज रॉन दांते या स्टुडिओ-गायकाचा होता. चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा ही व्यवस्था मुंबईच्या प्रेक्षकाला तोवर इतकी सवयीची झालेली होती की त्याला या प्रकाराचे नवल वाटण्याचे कारण नव्हते.

मुंबईच्या वादकवर्गाचे मूळ बऱ्याच अंशी गोव्यात सापडते. पोर्तुगीज अमलातल्या चर्चशाळांत मुलांना व्हायोलिन आणि स्वरलिपीवाचन शिकवले जाई, पण या विद्येवर पोट भरण्याची सोय गोव्यात नसल्याने वादक मुंबई, लाहोर, कलकत्ता येथील हॉटेलांत आणि संस्थानिकांच्या बँडांत जात. रेइश मागुशचे सेबॅस्टियन डिसोझा लाहोरला बँड चालवत असत. फाळणीनंतर ते मुंबईस आले आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ शंकर-जयकिशन यांचे संयोजक राहिले. या जोडीच्या गीतांत गायकाच्या ओळीला छेद न देता तिच्या बरोबरीने व्हायोलिनांची जी दुसरी सुरावट वाहत असते, ती त्यांच्या लेखणीची खूण मानली जाते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि संयोजक तर होतेच, शिवाय प्यारेलाल शर्मा यांचे गुरूही होते. 1958 मध्ये त्यांनी भारतीय रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून सादर करण्याचा प्रयोग केला आणि 1960 च्या दशकात ते अमेरिकेला गेले. पुढे 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या गीतातून त्यांचे नाव घरोघरी पोचले, मात्र ते एका खऱ्या वादकाचे नाव आहे हे गाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते.

हलक्याफुलक्या, खट्याळ गीतांचा बाज मुंबईत रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांना जाते. ‘शहनाई’ (1947) आणि ‘अलबेला’ (1951) यांतील त्यांच्या गीतांना लॅटिन अमेरिकी ठेका आणि जाझचा झणका मिळाला तो आंतोनियो झेवियर वाझ, अर्थात चिक चॉकलेट, यांच्यासारख्या साथीदारांमुळे. हळदोण्याचे हे ट्रंपेटवादक रात्री हॉटेलात आणि दिवसा स्टुडिओत वाजवीत. ‘अलबेला’त ते पडद्यावरही दिसतात, आणि वादकाने स्वतःच्या चेहऱ्यानिशी प्रेक्षकांसमोर यावे हा त्या काळी अपवादच होता.

ध्वनिमुद्रणाची पद्धत अशी होती की गायक आणि सगळा वाद्यवृंद एकाच वेळी, एकाच ध्वनिपट्टीवर मुद्रित होत असल्याने एकाचा सूर चुकला तरी सर्वांना पुन्हा पहिल्यापासून वाजवावे लागे. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी; संयोजक ती पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून व्हायोलिनवादकांसमोर कागद ठेवी; ज्यांना ही लिपी येत नसे ते देशी वादक सरगम लिहून घेत किंवा ऐकूनच पाठ करीत. कागदावरून पाहताक्षणी अचूक वाजवता येणे हेच गोमंतकीय वादकाचे भांडवल होते, पण त्याच गुणामुळे तो बदलण्याजोगाही ठरला, कारण तेच पान दुसऱ्यासमोर ठेवले तरी गाणे अडत नसे.

ढोलकी-तबल्याच्या मराठी वादकांना ही गोष्ट तितकीशी लागू पडत नाही. त्यांचे वादन कागदावर मावणारे नव्हते, आणि म्हणूनच लाला गंगावणे यांची ढोलकी किंवा मूळ गोव्याचे दत्ताराम वाडकर यांचा ठेका कानाला ओळखू येतो; ‘दत्ताराम ठेका’ ही संज्ञा वादकांच्या बोलण्यात रूढ झाली ती त्यामुळेच. भावगीताच्या क्षेत्रात ‘गीतरामायणा’ला साथ करणारे व्हायोलिनवादक प्रभाकर जोग यांना नाव मिळाले, याचे कारण तिथे मंच होता आणि श्रोता समोर होता.

मंचाचे हे महत्त्व मालवण तालुक्यातल्या आचऱ्याच्या परिसरात सहज समजते. या किनारपट्टीवरच्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या दशावतारात पेटी, मृदंग आणि झांज वाजवणारे रंगभूमीवरच एका बाजूला बसतात, आणि मृदंगावरची थाप कुणाची हे पाहणाऱ्याला पुरते माहीत असते. आचऱ्यावरून आलेले आचरेकर हे आडनाव लावणारे कणकवलीचे तबलावादक वसंतराव यांनी कुमार गंधर्वांची साथ केली. साथीदार असूनही कणकवलीची एक नामवंत सांस्कृतिक संस्था त्यांच्या नावाने उभी आहे. स्टुडिओत बंद दाराआड वाजवणाऱ्याच्या वाट्याला असे स्मारक सहसा आले नाही.

पार्श्वगायकही सुरुवातीला याच अंधारात होते: ‘महल’ (1949) च्या ध्वनिमुद्रिकेवर लता मंगेशकर यांच्याऐवजी ‘कामिनी’ हे पडद्यावरील पात्राचे नाव छापले होते. पण गायकांनी ओरड करून नाव मिळवले आणि 1959 पासून पार्श्वगायनाला फिल्मफेअर पारितोषिकही सुरू झाले. वादक मात्र पाळीगणिक मेहनताना घेऊन घरी जात राहिले आणि गाणे पुढे कितीही वर्षे वाजले तरी त्यातला पैसा त्यांच्याकडे येत नसे. संगीतकार आणि गीतकारांची स्थितीही फार निराळी नव्हती, कारण 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी करून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, निर्माता असल्याचा निर्वाळा दिला होता. 2012 च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात गीतकार-संगीतकारांचा आणि सादरकर्त्यांचाही मानधनातला वाटा मान्य झाला. मात्र त्याच दुरुस्तीत अशीही अट घालण्यात आली की चित्रपटात ज्याचे सादरीकरण केवळ प्रासंगिक आहे आणि व्यवसायाच्या प्रथेनुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीसह कुठेच दिले जात नाही, त्याला, एका नैतिक हक्काचा अपवाद वगळता, सादरकर्ता मानले जाणार नाही. वादकाचे काम प्रासंगिक कशाला म्हणायचे हा वाद त्यामुळे वकिलांकडे गेला, आणि नाव न छापण्याची जुनी प्रथा आता त्याच वादात पुरावा म्हणून पुढे करता येते.