सीसी कमी, तरी ताकद जास्त कशी? टर्बो इंजिनची माहिती

बाजारहत्नूर : सेकंड हँड गाडी बघताना आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "किती सीसी?" पण नुसत्या सीसीवरून ताकद ठरवायचे दिवस गेले.

चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो बघा. २०१० मध्ये तिचं १.६ लिटरचं साधं इंजिन १०५ पीएस ताकद आणि १५३ एनएम टॉर्क द्यायचं. २०१३ च्या जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटरचं टर्बो आलं. ताकद तेवढीच, टॉर्क मात्र १७५ आणि तोही १५०० आरपीएमपासून. २०२० मध्ये १ लिटर, तीन सिलिंडर आणि ११० पीएस!

टर्बो म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो, त्यामुळे जास्त पेट्रोल जाळता येतं.

यामागे टॅक्सचंही कारण आहे. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे, मोठीला ४०.

मर्सिडीजनेही २०२२ मध्ये सी ६३ या वेगवान गाडीचं ४ लिटरचं व्ही-८ काढून २ लिटरचं टर्बो आणि इलेक्ट्रिक मोटर बसवली.

पोलो २०२२ मध्ये बंद झाली, आता जुनीच मिळते. टर्बो खूप तापतो, त्याचा जीव ऑइलवर. म्हणून घेण्याआधी ऑइल वेळेवर बदलल्याची सर्व्हिस नोंद बघाच. आणि जोरात दाबली की मायलेज पडणारच.