शेराचा घोटाळा आणि ग्राहकाचा हक्क

व्यापारांत चढाओढ असली कीं भाव उतरतात, असें अर्थशास्त्र सांगतें. परंतु दोन दुकानांचीं मापेंच निराळीं असतील, तर भावांची तुलना व्हावी कशी? हिंदुस्थानांत हीच अडचण पिढ्यान्‌पिढ्या होती. शेर हें नांव एक. पण मुंबईचा जुना शेर सुमारें २८ तोळ्यांचा, तर पक्का शेर ८० तोळ्यांचा. परगांवचें गिऱ्हाईक यांत हटकून फसे. आणि रोजचें धान्य रोज घेणाऱ्या गरिबाला ही तूट रोजच सोसावी लागे.

मुंबई इलाख्यानें १९३२ सालीं वजनमापांचा कायदा केला. १९३९ च्या मध्यवर्ती कायद्यानें ८० तोळ्यांचा शेर प्रमाण मानला. तरी जुनीं मापें चालूच राहिलीं. अखेर १९५६ सालीं संसदेनें मेट्रिक पद्धतीचा कायदा संमत केला, व १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्यानें बाजारांत आला.

पुढें माल बंद पुडक्यांतून येऊं लागला, आणि तराजू गिऱ्हाइकाच्या दृष्टीआड गेला. म्हणून १९७७ च्या नियमांनीं पुडक्यावर निव्वळ वजन व विक्रीची किंमत छापणें बंधनकारक केलें. १९७४ सालीं पुण्यांत ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें जिल्ह्याजिल्ह्यांत दाद मागण्याची सोय झाली.

कायद्यानें माप एक केलें, भाव उघड केला. मात्र पुडकें उलटून त्यावरील आंकडे वाचण्याचें काम ग्राहकाकडेच राहिलें आहे.